४० काडतुसांचं मॅगझिन, २० ची जागा: एका काल्पनिक रायफलीचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती अशी. वास्तवाला धरून चालणाऱ्या एका लष्करी गेममध्ये एक काल्पनिक देश आहे आणि त्याच्या पायदळाच्या हातात एकच रायफल दिसायची आहे, ‘दोर्व्हा-९४’. मागणी तीन ओळींची होती. घडण बुलपप, म्हणजे मॅगझिन आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा भाग) चापाच्या मागे, दस्त्यातच. मॅगझिन ४० काडतुसांचं. वेग मिनिटाला ७०० गोळ्यांचा. रेखाटन झालं, सगळ्यांना आवडलं, त्यावरून थ्रीडी मॉडेल उभं राहिलं आणि ॲनिमेशनला आल्यावर काम अडलं. बोल्ट पूर्ण मागे नेला की तो दस्त्याच्या मागून बाहेर डोकावत होता. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, जिथून उडायची ती खिडकी पुंगळीपेक्षा आखूड होती. चाचणीला बसलेल्या जाणकार खेळाडूंना यातलं काही सांगितलेलं नव्हतं, तरी त्यांचा शेरा एकच होता: खेळण्यातली वाटते.

हे प्रकरण उदाहरणादाखल रचलेलं आहे, पण यातली प्रत्येक चूक या कामात नेहमी घडते. आकडे हिशेबाने काढलेले आहेत आणि कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही पडताळता येतील. गेमला एवढा मोजमापांचा ताळा पुरतो, कारखान्याचा आराखडा लागत नाही.

खरी रायफल घेऊन नुसतं नाव का बदललं नाही, हा प्रश्न सुरुवातीलाच येतो. कायद्याची बाजू वाटते तितकी सरळ नाही. २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बंदूक कंपन्यांशी परवान्याचे करार थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०२० मध्ये हमवी या लष्करी गाडीच्या उत्पादकाने एका गेम कंपनीवर लावलेल्या दाव्यात न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने गेमच्या बाजूने कौल दिला. वास्तवदर्शन हा कलेचा हेतू असेल तर खऱ्या सैन्याची वाहनं त्याला हातभारच लावतात, असं कोर्टाने मानलं. हा अमेरिकेतला निकाल. दुसरीकडे तोच लागू होईल असं धरून चालू नये, वकिलाला विचारावं. पण इथे कारण वेगळं होतं. ज्या देशाचा झेंडा, भाषा आणि युद्ध आपण निर्माण केलं, त्याच्या शिपायाच्या हातात दुसऱ्याच देशाची ओळखीची रायफल नाव बदलून दिली, की जाणकार खेळाडूचं लक्ष कथेवरून उडतं आणि तो ‘ही खरी कुठली’ ते शोधत बसतो.

एक वजाबाकी

मॉडेल उघडण्याआधीच चूक पकडता आली असती. बुलपप रायफलीच्या एकूण लांबीतून नळीची लांबी वजा करायची. फ्रान्सच्या फामासची लांबी ७५७ मिमी, नळी ४८८, उरले २६९. ऑस्ट्रियाच्या स्टायर औगची लांबी ७९०, नळी ५०८, उरले २८२. ब्रिटनच्या एल-८५ ची ७८५ आणि ५१८, उरले २६७. तीन देश, तीन वेगळ्या यंत्ररचना, आणि शिल्लक मात्र पावणेतीनशेच्या आसपास. दोर्व्हाच्या रेखाटनात लांबी ६६१ आणि नळी ४५० होती. उरले २११. साठ-सत्तर मिलिमीटर कुठे गेले?

ते बोल्टच्या वाटेचे होते. रायफल झाडायला तयार असते तेव्हा बोल्टचं तोंड नळीच्या मागच्या टोकाला, मॅगझिनच्या पुढच्या भिंतीपाशी टेकलेलं असतं. गोळी सुटली की बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकतो आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलण्यासाठी त्या काडतुसाच्या बुडाच्याही मागे पोचतो. तेव्हा बोल्ट कॅरिअर, म्हणजे बोल्टला धरून नेणारा भाग, सगळा मॅगझिनच्या मागच्या भिंतीपलीकडे गेलेला असतो. कॅरिअर ११५ मिमी, भिंतीपासून सुटायला १० आणि शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगवर दबायला १०, म्हणजे आतली मोकळी जागा १३५ मिमी हवी. त्यामागे दस्त्याची भिंत आणि रबरी गादी मिळून २०. एकूण १५५. चित्रात मॅगझिनपासून दस्त्याच्या टोकापर्यंत होते ९०.

दस्ता ६५ मिमीने वाढवला. रायफल ७२६ मिमी झाली, वजाबाकी २७६ वर आली. चित्रकाराला तो देखणा आखूडपणा गेल्याचं वाईट वाटणं स्वाभाविक आहे. तरी लांबी परत घ्यायचीच असेल तर ती नळीतून घ्यावी आणि गोळीचा वेग कमी झाल्याचं मान्य करावं. दस्त्यातून ती चोरता येत नाही.

काडतूस आधी

हा सगळा घोळ झाला तो उलट्या क्रमामुळे. आधी आकार ठरला, मग काडतूस. क्रम असा हवा: काडतूस, मॅगझिन, बोल्टची वाट, नळी आणि मग वरचं कवच.

दोर्व्हासाठी ६.२×४२ मिमीचं (गोळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी) काल्पनिक काडतूस ठरवलं. गोळी ६.५ ग्रॅम, वेग सेकंदाला ८२० मीटर, काडतुसाची पूर्ण लांबी ५८ मिमी, बुडाचा व्यास १०.७ मिमी, वजन अंदाजे १५ ग्रॅम. ऊर्जा काढली तर साधारण २,१८५ ज्यूल येते. ताळा पाहायला खरी उदाहरणं घ्यावीत: ५.५६×४५ ची ४ ग्रॅमची गोळी लांब नळीतून ९४० मीटर वेगाने सुटली तर सुमारे १,७७० ज्यूल, आणि ७.६२×३९ ची ८ ग्रॅमची गोळी ७१५ मीटरला सुमारे २,०४५ ज्यूल. आपलं काडतूस दोन्हींच्या थोडं वर बसतं. असं काडतूस कुणीतरी खरंच बनवलं असतं, हे पटण्याजोगं आहे.

आता मॅगझिन. दोन रांगांत एकाआड एक बसणारी काडतुसं रचली की प्रत्येक काडतूस उंचीत जवळपास अर्धा व्यास खातं. इथे ५.३५ मिमी. तळ, दाबलेली स्प्रिंग आणि काडतुसं वर ढकलणारी पट्टी यांना मिळून ४० मिमी धरले. चित्रातलं मॅगझिन १५० मिमी लांब होतं. १५० मधून ४० गेले, उरलेल्या ११० मध्ये २० काडतुसं बसतात. पडद्यावर आकडा ४० चा. हीच रीत ५.५६ च्या ३० काडतुसांना लावली तर १८४ मिमी येतात, आणि ती मॅगझिनं खरोखर तेवढ्याच मापाची असतात. म्हणजे रीत भरवशाची आहे.

दोर्व्हासाठी ४० काडतुसांना २५४ मिमी लागले असते. बुलपपमध्ये मॅगझिन काखेजवळ येतं. पालथं पडून नेम धरताना एवढं लांब मॅगझिन जमिनीत रुतून रायफल वर उचलली गेली असती. म्हणून ३० ठरली आणि मॅगझिन २०० मिमीचं झालं.

एक बारीक गोष्ट राहिली होती, वाक. चित्रातलं मॅगझिन सरळसोट होतं. पुंगळी बुडाशी जाड आणि खांद्याशी किंचित निमुळती असते, त्यामुळे एकावर एक ठेवलेली काडतुसं पंख्यासारखी वळत जातात. आपल्या पुंगळीचा व्यास बुडाशी १०.७ आणि ३२ मिमी पुढे १०.१ धरला, तर एका काडतुसामागे साधारण एक अंश फरक पडतो. एका रांगेत १५ काडतुसं, म्हणजे एकूण १६ अंशांचा वाक. ७.६२×३९ ची पुंगळी बरीच जास्त निमुळती आहे, म्हणून एके-४७ चं मॅगझिन केळ्यासारखं दिसतं. तो वाक शोभेसाठी दिलेला नाही. दोर्व्हाचं मॅगझिन १६ अंशांनी वळवलं आणि ‘खेळण्यातली’ हा शेरा निम्म्याने कमी झाला. खेळाडू अंश मोजत नाही, पण त्याची नजर शेकडो खरी मॅगझिनं पाहून तयार झालेली असते.

पुंगळीची खिडकीही काडतुसावरूनच ठरते. चित्रात ती ३४ मिमी होती. रिकामी पुंगळी ४२ मिमीची, आणि न उडालेलं काडतूस हाताने बाहेर काढायची वेळ आली तर ५८ मिमीची वाट लागते. खिडकी ६२ मिमी केली.

धक्का

धक्क्याचे आकडे पुष्कळ ठिकाणी ‘बरं वाटेल’ तसे भरतात. सुरुवात तरी हिशेबाने करावी. गोळीचा संवेग ०.००६५ किलो गुणिले ८२०, म्हणजे ५.३३. दारू २.१ ग्रॅम, तिचा वायू नळीतून सेकंदाला १,२०० मीटरच्या आसपास सुटतो असं धरतात, म्हणजे आणखी २.५२. बेरीज ७.८५. भरलेल्या मॅगझिनसह रायफल ४ किलोची, तेव्हा ती सेकंदाला १.९६ मीटर वेगाने मागे येते आणि ऊर्जा ७.७ ज्यूल होते. भरलेल्या, ३.९ किलोच्या एकेएमचा (एके-४७ ची सुधारित आवृत्ती) हाच हिशेब जवळपास तितकाच येतो. ५.५६ च्या रायफलीचा येतो सव्वाचारच्या आसपास.

पहिल्या आवृत्तीत दोर्व्हाला म्हणूनच एकेएमसारखी उसळी दिली होती, दर गोळीला १.१ अंश वर. आकडा बरोबर पण दिशा चुकली. एकेएमचा दस्ता नळीच्या रेषेपेक्षा खाली उतरतो, त्यामुळे धक्का खांद्यावर बसताना नळीचं तोंड वर फिरतं. बुलपपमध्ये नळी, बोल्ट आणि खांदा जवळजवळ एका रेषेत असतात; तोच धक्का सरळ मागे येतो. उसळी ०.५५ अंशावर आणली आणि पडद्यावर रायफल मागे सरकण्याचं अंतर दुप्पट केलं. दुर्बिणीतून डोळ्याला दिसणारं वर्तुळ प्रत्येक गोळीला आकसतं, ते आकसणंही जाणवेल इतकं वाढवलं. रायफल हातात जड आणि रागीट वाटू लागली, तरी नेम धरून ठेवता येत होता. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा बदल हाच, कारण इथून दोर्व्हाला स्वतःचा स्वभाव आला.

७०० चे ६०० कसे झाले

चाचणीत एक विचित्र तक्रार होती: काहींची दोर्व्हा वेगाने झडते, काहींची सावकाश. मिनिटाला ७०० म्हणजे दोन गोळ्यांत ८५.७ मिलिसेकंद. गेम प्रत्येक फ्रेमला विचारत होता, ‘तेवढा वेळ झाला का?’ आणि गोळी सुटली की घड्याळ शून्यावर आणत होता. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर पाचवी फ्रेम ८३.३ ला येते. अडीच मिलिसेकंद कमी पडतात, गोळी थांबते. सहावी येते १०० ला. म्हणजे प्रत्यक्षात मिनिटाला ६०० गोळ्या. १४४ फ्रेमच्या मॉनिटरवर तेराव्या फ्रेमला, ९०.३ ला गोळी सुटते आणि वेग ६६५ होतो. ज्याचा मॉनिटर महाग त्याची रायफल वेगवान.

उपाय सोपा आहे. घड्याळ शून्यावर आणायचं नाही, त्यातून ८५.७ वजा करून उरलेला वेळ पुढच्या गोळीसाठी जमा ठेवायचा. मग काही गोळ्या पाच फ्रेमनी, काही सहा फ्रेमनी सुटतात आणि सरासरी ७०० वर येते. आवाजाची फीत मात्र फ्रेमला बांधू नये, नाहीतर कानाला अडखळल्यासारखं होतं.

गोळीच्या प्रवासातही अशीच चूक होती. सर्व्हर सेकंदाला ६० वेळा हिशेब करतो आणि तेवढ्या एका टप्प्यात ८२० मीटर वेगाची गोळी १३.७ मीटर जाते. नुसता ‘आता गोळी कुठे आहे’ एवढाच बिंदू तपासला तर ती भिंतीच्या अलीकडून थेट पलीकडे उगवते. मागचा बिंदू आणि आताचा बिंदू यांच्यामधली पूर्ण रेषा तपासावी लागते. हवेचा रोध धरून ३०० मीटरला गोळी ०.४२ सेकंदात पोचते आणि नळीच्या रेषेखाली सुमारे ०.८ मीटर उतरते. सेकंदाला ५ मीटर पळणाऱ्या माणसाच्या दोन मीटर पुढे नेम धरावा लागतो. त्याच अंतरावर उभ्या असलेल्याला आधी गोळीचा सणसणीत कडाका ऐकू येतो आणि जवळपास अर्ध्या सेकंदाने रायफलीचा धडाका, कारण आवाजाला तेवढं अंतर कापायला ०.८८ सेकंद लागतात. हे दोन आवाज एकाच फाइलमध्ये चिकटवू नयेत.

तोल साधताना

खेळाचा तोल पाहणाऱ्यांचं म्हणणं होतं की दोर्व्हा फार भारी पडते. १०० जीव असलेल्या खेळाडूला एका गोळीने ३४ चा घाव, म्हणजे तीन गोळ्या आणि त्यांच्यामधले दोन अवकाश, १७१ मिलिसेकंद. घाव ३३ वर आणायचं ठरलं. तीन गोळ्यांचे झाले ९९, चौथी लागली, वेळ २५७ वर गेला. एका गुणाने मारायला लागणारा वेळ दीडपट झाला, आणि ५.५६ पेक्षा जास्त ऊर्जेची गोळी तिच्याहून कमी मारते असं दिसू लागलं. वास्तवाचं नाव घेणाऱ्या गेमला हे परवडत नाही. ३४ परत आणले.

तोल वजनातून साधला. ३० काडतुसांचे ४५० ग्रॅम आणि मॅगझिनचे १७० मिळून ६२० ग्रॅम. ५.५६ चं भरलेलं मॅगझिन ४८० च्या आसपास असतं. तेवढंच ओझं वाहायचं तर आठ मॅगझिनांच्या जागी सहा मिळतात. गोळी जड लागते आणि लवकर संपते. खेळाडूला पटतं, कारण ते खरंही तसंच आहे.

दुसरा भार रिलोडचा. फर्स्ट पर्सन कॅमेऱ्यात, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून पाहताना, बुलपपचं मॅगझिन चौकटीबाहेर, जवळजवळ गालाखाली असतं. हात खाली जातो, काहीतरी खटकतं आणि आकडा बदलतो, एवढंच दिसतं. दोर्व्हाचं तोंड वर उचलून ती ३५ अंश आत वळवली, दस्ता काखेत दाबलेला ठेवला, तेव्हा मॅगझिनचं तोंड पडद्याच्या खालच्या मध्यभागी आलं. गोळी शिल्लक असताना २.९ सेकंद, रिकामी झाल्यावर ३.७. काडतुसांचा आकडा ॲनिमेशनच्या शेवटी बदलत होता, त्यामुळे मॅगझिन बसल्यावर पळणाऱ्या खेळाडूची रायफल रिकामीच राहायची. बदल ‘खट्’ आवाजाच्या फ्रेमला बांधला. नळीत एक काडतूस असताना मॅगझिन बदललं तर ३१ दाखवायचे, हेही तेव्हाच ठरलं.

कुणी बनवली

फामासच्या नावात सेंत-एतिएनचा शस्त्र कारखाना आहे. दोर्व्हा हेही गेममधल्या शस्त्र कारखान्याच्या गावाचं नाव, आणि ९४ हे सैन्याने स्वीकारल्याचं वर्ष. त्या कारखान्यात आधी एकेच्या जातीच्या रायफली व्हायच्या असं ठरवलं, की बाकी बरंच आपोआप सुचतं: दाबून घडवलेला पत्र्याचा रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य सांगाडा), रिव्हेट, पत्र्याला ताकद देणारे उठाव. निवडीचा खटकाही जुन्या सवयीचा: वर सुरक्षित, मध्ये सलग, खाली एकेक. अमेरिकी एम-१६ मध्ये सुरक्षिततेनंतर एकेक येतं, मग सलग. एवढ्या एका खटक्यावरून या सैन्याने कुणाकडून धडे घेतले ते कळतं.

झीज चढवताना मॉडेलच्या सगळ्या कडा चंदेरी झाल्या होत्या, प्लास्टिकच्या कवचाच्याही. प्लास्टिक घासलं तर फिकट, धुरकट आणि गुळगुळीत होतं. त्याखालून पोलाद निघत नाही. चंदेरी रंग फक्त मॅगझिनच्या तोंडाच्या कडांवर आणि कॉकिंग हँडलवर (बोल्ट हाताने मागे ओढायची मूठ) ठेवला. खटका फिरून फिरून पडलेली कमानीसारखी चकचकीत रेघ दिली, आणि खिडकीच्या मागे पुंगळ्या आपटून उमटलेले पितळी ठिपके.

उरला डाव्या खांद्याचा प्रश्न. गेममध्ये एक बटण दाबून रायफल डाव्या खांद्यावर घेता येते. दोर्व्हाची खिडकी उजवीकडे आणि अगदी मागे. डाव्या खांद्यावर घेतली तर गरम पुंगळ्या तोंडावर येतील. औगमध्ये बोल्ट बदलून खिडकी दुसऱ्या बाजूला नेता येते, बेल्जियमची एफ-२००० पुंगळ्या पुढच्या बाजूला सोडते. एल-८५ मात्र डाव्या खांद्यावरून झाडता येत नाही आणि ब्रिटिश सैन्यात डावखुऱ्यांनाही उजव्या खांद्यावरून शिकवतात. दोर्व्हाचा कारखाना साधा आहे, तिथे एफ-२००० ची यंत्रणा शोभली नसती. म्हणून या एका रायफलीला ते बटण बंद ठेवलं. उजव्या खांद्यावरून डाव्या कोपऱ्याआडून डोकावताना शरीर जास्त उघडं पडतं, म्हणून नकाशा करणाऱ्यांनी या देशाचं सैन्य ज्या इमारती राखतं त्या पुन्हा तपासल्या आणि डाव्या बाजूने डोकवावं लागेल अशा प्रत्येक दारापाशी छातीइतक्या उंचीचा आडोसा ठेवला.